कुरुळीचे आकाशदर्शन आणि मानाचा क्रम

विज्ञान जनतेपर्यंत पोहोचवायचे असेल तर आधी जनतेला खाली बसवावे लागते, आणि जनतेला खाली बसवायचे तर समोर कुणीतरी खुर्चीवर बसावे लागते. या शास्त्रीय क्रमाला चाकण परिसरात कधी बाध आल्याचे ऐकिवात नाही.

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात पुण्याचे डॉ. ज्योतीराम केंजळे कुरुळीला धूमकेतू दाखवायला आले. ताऱ्याच्या उजेडावरून त्याच्या पोटातले ओळखणारा हा विद्वान माणूस. दिवस मावळल्यावर धूमकेतू वायव्येला जेमतेम तासभर दिसे, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसण्याची ती शेवटची संध्याकाळ होती. मांडवाच्या दाराशी गोजाबाई बसल्या होत्या. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. सगळ्यांत आधी तुम्हालाच दाखवतो, असा शब्द डॉक्टरांनी त्यांना दिला आणि तो मनापासून दिला.

आकाशदर्शन समितीची व्यवस्था चोख होती. पाहुण्यांच्या तोंडावर ऊन नको म्हणून पश्चिमेला आणि उत्तरेला कनाती लावल्या होत्या, वर छत ताणले होते. (आकाश बाहेर शिल्लक होतेच.) दुर्बिणीला हळदकुंकू वाहून तिच्या तोंडावर झेंडूचा हार घातला होता.

सूर्य मावळला आणि सत्कार सुरू झाले. पहिला हार अध्यक्ष बबनरावांना गेला. त्यावर चिमाजी पाटील शांतपणे उठले आणि चपला शोधू लागले. गावचा पहिला हार पाटलांच्या घराण्याचा. धूमकेतू हजारो वर्षांनी येतो खरा, पण पाटील रोज समोर येतात. तेव्हा सर्व हार परत घेण्यात आले आणि समारंभ ईशस्तवनापासून पुन्हा करण्यात आला.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. उठून कनात बाजूला सारावी, असे त्यांना फार वाटले. पण तेवढ्यात बबनराव त्यांचा परिचय वाचू लागले. स्वतःचा परिचय चालू असताना मध्येच उठणे हे कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. परिचय संपला, पण त्यात विलायतेची पदवी राहून गेली होती. डॉक्टर उभे राहिले. आता बोलावेच लागेल, असे म्हणून त्यांनी ती पदवी सांगितली आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. मग त्या पदवीबद्दल शाल देण्यात आली.

आभार मानून झाल्यावर डॉक्टर लगबगीने दुर्बीण घेऊन बाहेर आले. वायव्येला नुसता अंधार होता. गोजाबाई त्यांच्यामागून चाचपडत आल्या.

"आजी, तो मावळला," डॉक्टर म्हणाले.

"व्हय का," गोजाबाई म्हणाल्या. "मग तुमी तवा काय करत व्हता?"

डॉक्टरांना अंगावरच्या शालीची लाज वाटली. त्यांनी ती काढली नाही.

समितीच्या अहवालात कार्यक्रम पूर्ण यशस्वी झाल्याची नोंद आहे, आणि तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. सुज्ञ वाचकहो, आपणही पहिला हार कुणाला आणि शाल कशाबद्दल, हे सारे इथवर मन लावून वाचत आलात. त्या संध्याकाळी कनातीपलीकडे तो धूमकेतू दिसत कसा होता, हे विचारायचे आपल्यापैकी कुणाला सुचले?