इदालिनाने धुतलेली सहा पोटं

आपण लिंबू-मीठ लावून धुतलेल्या बोकडाच्या वजडीत एक जंतू शोधून दाखवावा, असं इदालिनाचं सबंध गावाला उघड आव्हान होतं. पेर्नाम्बुको प्रांताच्या त्या कोरड्या मुलखात तीस वर्षांत ते कुणी स्वीकारलं नव्हतं. मग दक्षिणेकडच्या शहरातून एलोइझा आली, आणि तिला नेमके जंतूच हवे होते.

एलोइझाची पीएचडीच मुळी बोकडांच्या पोटातल्या जंतूंवर होती. तिने इदालिनाच्या गोठ्यात सहा बोकड आणून बांधले. तिघांना सोयाबीनची पेंड, तिघांना माशीच्या अळ्यांचं पीठ. कुणाच्या पोटात कसले जंतू वाढतात, ते तीन महिन्यांनी पोट उघडून बघायचं.

"अळ्या?" इदालिना म्हणाली. "आमच्याकडे दुष्काळातसुद्धा बोकडाला निवडुंग मिळतो हो."

"निवडुंग अजिबात नाही, दोना इदालिना. एक फोडही नाही. माझी सगळी पीएचडी बुडेल."

मग जाच सुरू झाला. लेंड्यांचं वजन करा. पाणी मापून पाजा. पेंडवाल्यांच्या गळ्यात पांढरी दोरी, अळीवाल्यांच्या लाल. दर शुक्रवारी एलोइझा यायची आणि लख्ख गव्हाणी बघून हरखायची. "बघा, अळ्यांचं पीठ कसं चाटूनपुसून खातात." अंगणातल्या कोंबड्या अलीकडे भलत्याच बाळसेदार झाल्या होत्या, पण एलोइझाच्या वहीत कोंबड्यांसाठी रकाना नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला शेजारचा जेनिवाल्दो बोकड कापायला सुरी घेऊन हजर झाला. एलोइझा बर्फ आणायला गेली होती, तिचा पत्ता नव्हता. सात वाजता तिचा फोन आला.

"टायर फुटलाय. सुरू केलं का त्यांनी?"

"सहाही उरकले. सहाला म्हणजे सहाला, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"बरं, ऐका. पोटं सांभाळा. सगळं महत्त्व पोटांनाच आहे. लाल-पांढरी मिसळू देऊ नका. आणि पोटातलं..."

फोन गेला.

"काय म्हणाली?" जेनिवाल्दोने विचारलं.

"पोटातलं काढा म्हणाली."

"आणि पुढे?"

"पुढचं मला कुणी सांगायला हवं का?"

पोटातलं उकिरड्यावर गेलं. पोटं उकळत्या पाण्यात बुडवून खरवडली, लिंबू-मिठाने तीनदा घासली. काळीज, रक्त, पुदिना असं सगळं बारीक करून आत भरलं आणि तोंडं शिवली. अळीवाल्यांची लाल दोऱ्याने, पेंडवाल्यांची पांढऱ्याने. दोन वेगळे हंडे चढवले. मिसळू दिली तर ती इदालिना कसली.

दुपारी दोनला एलोइझा बर्फाची पेटी घेऊन धावत आली. इदालिनाने अभिमानाने झाकण उचललं.

"धुतलीत?" एलोइझाने हंड्यात डोकावून विचारलं.

"तीनदा. बावीस लिंबं लागली."

"आणि आतलं?"

इदालिनाने उकिरड्याकडे बोट दाखवलं. कोंबड्या तिथून नुकत्याच आवरून निघाल्या होत्या.

एलोइझा पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "माझे तीन महिने गेले."

"अहो, पोटातलं काढा म्हणालात ना?"

"पोटातलं फेकू नका म्हणत होते मी."

"मग ते आधी म्हणायचं. महत्त्वाचं बोलणं टायर फुटल्यावर कशाला ठेवायचं?"

"बाई, आधी जेवा, मग रडा," जेनिवाल्दो म्हणाला. "गार झाली की चरबी थिजते."

एलोइझाने पांढऱ्या दोऱ्याची वजडी चाखली, मग लाल. हुंदका मध्येच थांबला. "लाल जास्त मऊ आहे. चवही वेगळी. हा नक्की अळ्यांचा परिणाम." तिने वही काढली. "दोना इदालिना, पुन्हा करू. सहा नवे बोकड. तुमच्यासारखी काटेकोर बाई मला दुसरी कुठे मिळणार?"

इदालिनाने तोंड उघडलं. लाल दोरीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी अळ्यांकडे पाठ फिरवून असं काही बें बें केलं होतं की आतडं पिळवटावं. तेव्हापासून पीठ कोंबड्यांना आणि बोकडांना बारीक चिरलेला निवडुंग. तिने एलोइझाचे सुजलेले डोळे पाहिले. एका पोरीला एका दिवशी किती रडवायचं?

"करू की," ती म्हणाली आणि ताटात आणखी एक लाल वाढली. "फक्त या खेपेला वहीत कोंबड्यांसाठीही एक रकाना ठेवा."