राजेसाहेबांचं इंजिन

"इंजिन ओळखायला दोन डोळे आणि थोडी अक्कल लागते. आपल्याकडं दोन्ही आहे!"

गारखेड्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून ऋतुराजनं बायकोला हे ऐकवलं, तेव्हा खाली त्याची जुनी विलायती मोटार बॉनेट उघडून, दंतवैद्यापुढं बसलेल्या म्हातारीसारखी आ वासून उभी होती. पोटात इंजिनच नव्हतं!

मोटार मिळाली होती मामेसासऱ्यांकडून. चाकं होती, आरसीबुक होतं, मागच्या सीटमध्ये उंदरांचं नांदतं घर होतं. इंजिन तेवढं फार पूर्वी कुणीतरी काढून नेलेलं. आणि जुन्या गाड्यांच्या क्लबाचा नियम कडक : मेळाव्यात उतरायचं तर गाडीत तिचं स्वतःचं इंजिन पाहिजे. इकडं ऋतुराजनं आपल्या बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना आवतण देऊन टाकलं होतं, "मेळाव्यात पहिली गाडी आपली!" आता गाडी उतरली नाही, तर कुठल्या काउंटरखाली तोंड लपवावं?

"अक्कल आहे ना? मग इंजिन आणा," तनुजा म्हणाली आणि भाजी परतायला आत गेली.

इंजिन सापडलं ते खुलताबादेजवळ, थेट सासुरवाडीच्या गोठ्यात! कडब्याच्या पेंढ्यांआड, म्हशीच्या उबेला, एखाद्या ग्रामदैवतासारखं बसलेलं. एके काळी विहिरीवर पाणी ओढून थकलेलं ते लोखंड आता नुसतं दसऱ्याची पूजा खात होतं. दरसाल शेंदूर, हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेंदराचा थर असा चढला होता, की आत इंजिन आहे की मारुतीराया, हेच कळू नये.

ऋतुराज बाह्या सरसावून खरवडायला बसला. सासरे कारभारी आणि सासूबाई मनकर्णाबाई कौतुकानं बघत उभे राहिले, तनुजा जरा लांबून.

"हे बघा दादा," त्यानं व्याख्यान लावलं, "हे फुगीर आकडे आहेत ना, हे ओतीव. साच्यातच असतात. एका साच्यातनं हजारो इंजिनं निघतात, सगळ्यांना हाच आकडा. यावरून नुसती जात कळते. आपल्या मोटारीचीच जात आहे ही! पण खरा नंबर असतो ठोकलेला. छिन्नीनं. तो एका इंजिनाचा एकट्याचा!"

"बगा की," कारभारी म्हणाले. "शिकलेल्या मानसाचं येगळंच असतंय."

आणि शेंदराखालून निघाला की ठोकलेला नंबर! बारीक बारीक ठिपक्यांनी, मोत्यांची सर मांडावी तसा : १२५७६. तोही देवनागरीत!

ऋतुराज ताडकन उठला. आरसीबुकातला नंबर निराळाच होता. पण देवनागरीपुढं आरसीबुकाची काय मिजास?

"तनू! विलायतेच्या कारखान्यात देवनागरी आकडे! कुणा राजेसाहेबांची खास ऑर्डर असणार. जगात एकच इंजिन!"

"तिकडं छिन्नी मारायला कोण होतं? आपल्या गावचा बन्सी लोहार?" तनुजानं विचारलं.

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "जावईबापू, त्ये आकडं हायेत नव्हं, त्ये..."

"आई, हा तांत्रिक विषय आहे."

जावयाचं बोलणं खोडायची त्या घरात रीत नव्हती. जावई म्हणाला म्हैस उडाली, तर सासूनं फार तर कुठं बसली तेवढं विचारायचं.

"आवो, पर त्ये लग्नात..." सासूबाईंनी आणखी एकदा धीर केला.

"लग्नाचं नंतर बोलू, आई!"

ब्लॉकच्या बाजूला एक सपाट पट्टी होती. तिच्यावर पुसट ओरखडे. कुण्या अडाणी मेकॅनिकनं हातोडा आपटलेला दिसतोय, असं म्हणत ऋतुराजनं ग्रायंडर लावलं आणि फोटो चांगला यावा म्हणून ती पट्टी घासून घासून अशी चकचकीत केली, की म्हशीनं तिच्यात आपलं तोंड बघून घेतलं. मग फोटो क्लबाच्या ग्रुपवर! खाली ओळ : 'राजेसाहेबांचं इंजिन.'

दुसऱ्याच दिवशी उस्मानपुऱ्याहून क्लबाचे पारखी साहेबराव, चष्म्यावर चष्मा चढवून, गोठ्यात हजर. त्यांनी आरसीबुक हातात घेतलं, फुगीर आकडे बघितले, मान डोलावली. पट्टीपाशी आले आणि थबकले.

"ऋतुराजमियाँ, ये पट्टी किसने घिसी?"

"मीच! ओरखडे होते फार."

"ओरखडे?" साहेबराव मटकन पेंढीवर बसले. "अरे बाबा, कंपनीचा नंबर इथंच ठोकलेला असतो! पूरा साफ कर दिया!" त्यांनी भिंग लावलं. "कडेचा एक सात तेवढा वाचलाय."

आरसीबुकातला शेवटचा आकडाही सातच होता.

"आणि मग हा १२५७६?" ऋतुराजचा आवाज म्हशीच्या पारडासारखा बारीक झाला.

साहेबरावांनी स्क्रूड्रायव्हरनं शेजारचा शेंदूर हळूच उचकटला. आकड्यांच्या मधल्या रेघा उघड्या पडल्या : १२-५-७६. मग वर एक अख्खी ओळ उमटली : 'चि. सौ. कां. मनकर्णा हिस वडिलांकडून.'

"त्येच सांगत हुते मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लग्नात आंदण दिलं माज्या बापानं, सोताच्या मोटारीतनं काढून. तीच मोटार माज्या भावानं तुमाला दिली. हंडा-कळशीवर नाव घालायला कासार बसलाच हुता. बाप म्हनला, पोरीच्या इंजिनावर बी घाल. लोखंड लई कडक, दोन छिन्न्या मोडल्या बिचाऱ्याच्या."

"म्हणजे... हे माझ्याच मोटारीचं इंजिन?"

"तुमाला ठाव नव्हतं व्हय?" कारभारी चकित झाले. "म्या म्हनलं, म्हणूनच तर आलात!"

म्हणजे घासलं नसतं, तर नंबरला नंबर जुळला असता! साहेबरावांनी आरसीबुक मिटून ऋतुराजच्या हातात ठेवलं. "एक सातपर दाखला नाही देता येत, बेटा. मेळाव्याला या. चालत."

ऋतुराजच्या डोळ्यांपुढून अख्खी बँक, मॅनेजरसकट, हसत हसत निघून गेली. दोन डोळे होते खरे. अक्कल बहुतेक गारखेड्यातच, गॅलरीत वाळत राहिली होती.

कारभारी मात्र अजून त्या ठिपक्यांवर वाकलेले होते. बोटानं आकडे पुन्हा पुन्हा चाचपत होते.

"बारा तारीख? म्या तर दरसाल बावीस मेला लग्नाची जिलबी आणतोय!"

"व्हय," मनकर्णाबाई पदराआड हसत म्हणाल्या. "आन् मी दरसाल धा दिस आदी वाट बगती."

म्हशीनं रवंथ थांबवला. कारभाऱ्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि जावयाच्या कानाशी लागून हळूच म्हणाले,

"जावईबापू, त्ये ग्रायंडर हिकडं द्या. घासायचा त्यो नंबर राह्यलाच की!"