बाराव्या यानाचा स्वेटर

कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला शंका असेल त्यानं आत्ताच उठावं, मागून कुरकुर चालणार नाही.

तर, सकाळी साडेसातला इंजिनिअरबाई कपड्यांच्या दोरीसमोर उभ्या राहिल्या. दोरीवर त्यांचा तपकिरी स्वेटर होता. काल रात्रीपर्यंत तो त्यांच्या मापाचा होता. आता दहा वर्षांच्या मुलीचा वाटत होता.

"आई, हा धुतला कुणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "चांगला कढत पाण्यात, मशीनला लावला. आजच्या दिवशी तरी स्वच्छ जा. पंधरा वर्षं तो चहाचा डाग मिरवतेयस, लोक आम्हाला नावं ठेवत असतील."

बाई यानांच्या नियंत्रण कक्षात एकतीस वर्षं इंधनाच्या टाकीचे आकडे बघत आल्या होत्या. यंत्रांसाठी तिथं गारठा ठेवतात, म्हणून स्वेटर. तो घालून त्यांनी अकरा यानं पोचवली होती. आज बारावं, आणि महिनाअखेरीला निवृत्ती. कक्षात शकुन-अपशकुन कुणीही मानत नाही, सगळे विज्ञानवाले. फक्त स्वेटरशिवाय बाईंना कुणी खुर्चीवर बसू देत नाही. एकदा त्या शाल गुंडाळून आल्या, तर खुद्द संचालकांनी गाडी पाठवून घरून स्वेटर मागवला होता.

"दुसरा घाल की," नवरा म्हणाला.

"आणि यान हुकलं तर? बिघाड शोधायला कुणी जाणार नाही. सगळे माझ्याकडे बघतील."

मग एका बाहीला नवरा लागला, दुसरीला सासूबाई.

"श्वास सोड," सासूबाई म्हणाल्या.

"सोडला."

"आता परत घेऊ नकोस."

स्वेटर चढला. कोपरापासून पुढे हात हलत होते; खांद्यापाशी मात्र सगळा कारभार बंद.

फाटकावर सुरक्षारक्षकानं अडवलं. "मॅडम, कार्ड?"

"आत आहे. स्वेटरच्या."

"बाहेर काढा."

"मी यातून निघाले तर ते निघेल."

तो वीस वर्षं त्यांना रोज नमस्कार करायचा, पण नियम तो नियम. शेवटी त्यानं टॉर्च मारून गळ्यातून नंबर वाचला आणि मान दुसरीकडे वळवून सलाम ठोकला.

कक्षात शेजारच्या टेबलावरच्या इंजिनवालीनं त्यांच्या कानाला यंत्र लावून दिलं. "मॅडम, स्वेटर लहान झालाय की तुम्हीच..."

"पुढे बोलू नकोस. स्क्रीन बघ."

यान चंद्रापाशी पोचलं होतं. आता सहा मिनिटं इंजिन चालवून त्याचा वेग कमी करायचा, म्हणजे चंद्र त्याला धरून ठेवणार. मधेच इंजिन बंद केलं, तर यान चंद्राला ओलांडून कायमचं निघून जाणार. पण टाकी तापलेली असताना चालू ठेवलं, तर ठिकऱ्या. म्हणून नियम असा, की टाकीच्या तापमानाचा आकडा साठच्या वर गेला की बाईंनी हात डोक्याच्या वर करायचा. हात दिसला की संचालक बटण दाबून इंजिन थांबवणार. तोंडी सांगितलेलं चालत नाही. कानाला यंत्रं लावलेल्या चाळीस माणसांत कोण काय बोललं, यावरून पूर्वी एकदा मोठी भांडणं झाली होती.

इंजिन सुरू झालं. तीन मिनिटं आकडा एक्केचाळीसवर मुकाट बसून होता. चौथ्या मिनिटाला तो एकदम अठ्ठ्याऐंशी झाला आणि लाल पेटला.

चाळीस माना बाईंकडे वळल्या.

"मॅडम, हात," इंजिनवाली कुजबुजली.

बाईंचा चेहरा लाल झाला. खांदे उचलले, काखेतली शिवण करकरली, हात कानापर्यंत आला आणि तिथंच राहिला. संचालकांचं बोट बटणावर.

"हात आहे की नाही?" ते म्हणाले.

"अर्धा आहे, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"अर्ध्या हाताचा नियम नाही."

कुणी हललं नाही. पंधरा सेकंद गेले. आकडा आपणहून एक्केचाळीसवर येऊन बसला, जसं काही झालंच नव्हतं. इंजिनाच्या थरथरीनं तापमापकाची तार तेवढी ढिली झाली होती. टाकी गारच होती. सहा मिनिटं पुरी झाली आणि चंद्रानं यान धरलं. लोक खुर्च्या पाडून उठले, एकमेकांच्या गळ्यात पडले. बाईंनाही सगळ्यांनी मिठ्या मारल्या. त्यांना मात्र उलट मारता येईना.

संचालक कागद घेऊन आले. "हात का वर गेला नाही, लिहावं लागेल मला."

"स्वेटर आटला होता, सर."

त्यांनी तसंच लिहिलं. मग काय, निवृत्तीच्या समारंभात बाईंच्या आधी सासूबाईंचा सत्कार. त्यांनी माईक हातातून सोडला नाही. "पाणी कढत हवं," त्या चाळीस शास्त्रज्ञांना सांगत होत्या, "कोमट पाण्यानं यान पोचत नाही." बाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या.

आता हात स्वेटरनं अडवला, एवढंच एक मी पदरचं घातलंय. स्वेटर घट्ट होता, पण इतका नव्हता. त्याच संध्याकाळी, तोच अंगात असताना, बाईंनी माळ्यावरची बॅग एका हातानं खाली काढली. साधं दुधाचं पातेलं एका क्षणात तापत नाही, तर एवढी टाकी कुठून तापणार? एकतीस वर्षं आकडे बघणाऱ्या बाईला ते कळलं होतं. हात वर जाऊ शकत होता. त्यांनी नेला नाही.