कौसाक्का आणि एक जून

कौसाक्काला माणसांची नावं आठवत नाहीत असं नाही. पण ज्याचा जो कागद कमी असेल, त्याला ती त्याच कागदाच्या नावानं हाक मारते. सकाळी अंगण झाडता झाडता ती ओरडते, "ए डोमिसाईल, गेलतीस का गं काल तहसीलला?" आणि समोरच्या घरातली कविता हळूच खिडकी लावून घेते. पिठाच्या गिरणीवाल्याला ती दोन वर्षं 'गॅप' म्हणत होती, कारण त्याच्या मुलाचं बारावीनंतर एक वर्ष वाया गेलं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, गिरणीवाल्याचं आडनावच तसं आहे.

मी 'उत्पन्न' होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारचौघींत तिनं मला हाक मारली, "ये उत्पन्न, अशी इकडं बस." पाहुण्या बायका माझ्या हातातल्या बांगड्यांकडं बघायला लागल्या. दोन्ही हातांत मिळून काचेच्या आठ होत्या.

कौसाक्का आमच्या बोरी गावच्या अंगणवाडीत सेविका होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दोन खोल्यांत एकटी राहते. शिष्यवृत्तीच्या कामाला तिला कोणी नेमलेलं नाही. पण गल्लीतलं पोर कॉलेजला जायचं म्हटलं की त्याचे कागद तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. प्रत्येक घराचा एक साडीचा खोका तिच्या फळीवर आहे. आमचा खोका माझ्या लग्नातल्या शालूचा. शालू कधीच विरला, खोका अजून धड आहे.

कागदाला घडी घातलेली तिला चालत नाही. "कागदाला घडी पडली की साहेबाच्या कपाळाला पडती," म्हणते. फोटो चिकटवायला डिंक वापरत नाही, भाताची शितं वापरते. एकदा त्या शितांपायी उंदरानं गिरणीवाल्याच्या मुलाचा फोटो हनुवटीपर्यंत कुरतडला. आक्का म्हणाली, "डोळे हायती न्हवं? वळखू येतंय की."

मुदत वाढली की लोक खूश होतात, आक्काला राग येतो. "आमी काय येडे म्हणून धावलो का मग?" असं म्हणून ती दिवसभर कोणाशी बोलत नाही.

आमची पल्लवी बारावी झाली आणि तिला परभणीत नर्सिंगला नंबर लागला. कॉलेजवाल्यांनी सरळ सांगितलं, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत मंजूर झाला तर सीट राहील, नाहीतर पूर्ण फी भरा. पूर्ण फी आमच्यानं होणार नव्हती. मी शाळेत खिचडी शिजवते, हे गवंड्याच्या हाताखाली जातात. हे म्हणाले, "तूच जा आक्कासंगं. माझा रोज बुडतो." रोज माझाही बुडत होता, पण ते मी बोलले नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जिंतूरला पाच खेपा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला गेलेले, एकदा सर्व्हर बंद, एकदा सगळं सुरू होतं पण आमचं रेशनकार्ड घरी राहिलं. येता जाता जीपमध्ये उभं राहून माझ्या पिंढऱ्या भरून यायच्या. आक्काचं वय माझ्या दीडपट, पण ती दमली असं म्हणायची नाही. "बूड टेकू दे जरा," एवढंच म्हणायची आणि कुठल्याही पायरीवर बसायची.

लाईनीत ती चप्पल ठेवून जाते. चप्पल म्हणजे तिचा नंबर. लोकही ओळखून आहेत, लाईन सरकली की पायानं चप्पल पुढं ढकलतात. एकदा आम्ही चहा प्यायला गेलो तर चप्पल आमच्याआधी खिडकीला पोचली. आतला माणूस ओरडला, "कोणाचं काम हाय? चपलीचं का?" आक्का पदरानं तोंड पुसत आली आणि म्हणाली, "चपलीचं उत्पन्न शून्य हाय, बाबा. हिचं लिही."

मग तिनं मला पुढं ढकललं. खिडकीसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. मी मागं वळून बघितलं तर आक्का मुद्दाम भिंतीवरची पाटी वाचत होती. "बोल की," ती पाटीकडं बघतच म्हणाली. "मी मेल्यावर कोण बोलंल तुझ्या वतीनं?" मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण दाखला मिळाला.

अर्ज भरला गेला. आक्कानं कॉम्प्युटरवाल्याच्या मागं उभं राहून एकेक रकाना वाचून घेतला. त्या पोराला घाम फुटला. त्या दिवसापासून मी 'उत्पन्न' राहिले नाही. मला वाटलं, सुटलो.

दहा दिवसांनी अर्ज परत आला. आधार कार्डावरची जन्मतारीख वेगळी आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरची वेगळी. दुरुस्त करून पाठवा, नाहीतर अर्ज बाद. मुदतीला पंधरा दिवस उरले होते.

आता आमच्याकडं जन्मतारखेचं कसं आहे ते सांगायला पाहिजे. शाळेत नाव घालायला सहा वर्षं भरावी लागायची. ज्याची भरत नसत त्याची मास्तर भरवून द्यायचे, एक जून लिहून. शाळेच्या रजिस्टरात आमची अर्धी गल्ली एकाच दिवशी जन्मली आहे. पल्लवीचीही एक जूनच. पण आधार कार्डाचा कॅम्प लागला तो अंगणवाडीत, आणि तिथं तारखा सांगितल्या कौसाक्कानं, आपल्या वहीतून. तिच्या वहीत खऱ्या तारखा होत्या. पल्लवीची अकरा ऑक्टोबर.

पल्लवीनं मोबाईलवरचा निरोप वाचून दाखवला तशी आक्का उंबऱ्यावर बसली.

"चूक माझी हाय," ती म्हणाली.

"आक्का, तुमी तर खरं लिहिलं."

"तीच चूक. सगळ्यांनी एक लिहिलं, मी एकटीनं खरं लिहिलं." मग तिनं आमचा खोका मांडीवर घेतला आणि कागद उगाच वरखाली करत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जिंतूरच्या आधार केंद्रात. मशीनवरच्या माणसानं दहावीचं प्रमाणपत्र बघितलं आणि म्हणाला, "करतो एक जून. पण तारीख एकदाच बदलता येती, मावशी. पुन्हा बदलणार न्हाई. बघा, इचार करा."

मी कधी मध्ये बोलत नाही, पण त्या वेळी बोलले. "आक्का, खरी तारीख तेवढ्या एकाच कागदावर हाय तिची. ती बी पुसायची का?"

आक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "खऱ्याला फी माफ होत न्हाई." आणि त्या माणसाला म्हणाली, "कर रे बाबा. एक जून."

पल्लवीचा अंगठा, बोटं, डोळे, सगळं परत घेतलं. तो माणूस म्हणाला, आठ दिवसांत होईल, कधी जास्तही लागतात. ते आठ दिवस मी खिचडीत मीठ दोनदा टाकलं. आक्का रोज संध्याकाळी यायची, दारातूनच विचारायची, "झालं का?" आणि नाही म्हटलं की तशीच परत जायची. चहा घ्यायची नाही. नवव्या दिवशी तारीख बदलली. त्याच दुपारी अर्ज परत पाठवला आणि मुदतीच्या तीन दिवस आधी मंजूर झाला. मला आनंद झाला, पण तो लगेच अंगात आला नाही. आधी मी भिंतीला टेकून झोपले.

पल्लवी होस्टेलला निघाली त्या सकाळी आम्ही आक्काच्या पाया पडायला गेलो. आक्कानं तिला समोर बसवलं.

"तू कधी झालीस, ठावं हाय का?"

"अकरा ऑक्टोबर."

"ते आता आधारावर बी न्हाई. नीट ध्यानात ठेव. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी घट बसणार हुते. तुझ्या मायनं घर सारवायला घेतलं आन् अर्ध्यात पोटाला धरून बसली. दवाखान्यात न्यायला जीप सांगितली, पर जीप यायच्या आत तूच आलीस. दिवे लागायचा वख्त हुता. लाईट न्हवती, मी बॅटरी धरली हुती. तुझे केस कपाळावर इथवर आलते. लय वेळ रडली न्हाईस. मी पाठीवर थापटलं, तवा रडलीस."

यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. मला त्या वेळी कशाची शुद्ध होती?

"म्हण आता," आक्का म्हणाली. "वार?"

"गुरुवार."

"वख्त?"

"दिवे लागायचा." पल्लवी हसायला लागली. "आक्का, पेपर हाय का ह्याचा?"

आक्कानं तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं, अंगणवाडीत बडबडगीत म्हणून घ्यायची तसं. मग पल्लवीनं विचारलं, "आन् तुमची कोणती, आक्का?"

"माझी? एक जून. नोकरीला लागताना लिहिलती."

"खरी हो."

आक्कानं पदर नीट केला. "खरी माझ्या मायला ठावं हुती. एकदा इचारीन, इचारीन म्हणलं. राह्यलं."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. मी पिशवी उचलली. पल्लवी उठेना. ती आक्काचा हात धरून तशीच बसून राहिली, आणि लवकर निघा, लवकर निघा म्हणून जन्मभर सगळ्यांच्या मागं लागणाऱ्या आक्कानंही तिला ऊठ म्हटलं नाही.