साठ मुले बसतात

संस्थेचा इतिहास थोर माणसे घडवतात. त्याखाली सह्या मात्र लहान माणसे करतात. शाळेच्या बसगाड्या बांधणाऱ्या या कंपनीच्या इतिहासात अशी एक सही बाकमिस्त्रींच्या वाट्याला आली. सहीचा फायदा: हेडमिस्त्रीपद, खिशावर नाव शिवलेला शर्ट आणि रोज सुटताना फाटकावर जेवणाचा डबा उघडून दाखवण्यातून कायमची सुटका. (डब्यातून आजवर एक स्क्रूही बाहेर गेला नव्हता. पण रिकामा डबा उघडून दाखवणारा माणूस चोरासारखाच दिसतो.)

पहिली गाडी थोरल्या मालकांनी बांधली. प्रमाणपत्रावर लिहिले, ‘या गाडीत चाळीस मुले बसतात.’ मिस्त्रींनी वीस बाक ठोकले, चाळीस मुले बसली. इतक्या साध्या पायावर कंपनी सत्तावीस वर्षे चालली, हे आज कुणाला खरे वाटणार नाही.

मग धाकटे मालक व्यवस्थापन शिकून आले.

“मिस्त्री, बसतात म्हणजे काय हो?”

“म्हणजे... बूड टेकतात, साहेब.”

“पेटीत कपडे बसतात. त्यांना बूड असतं?”

खुद्द भाषाच मालकांना सामील होती.

पुढे रीतसर संशोधन झाले. मुलांच्या बसण्यातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे बाक, असे निष्पन्न झाले. मागचे चार बाक काढताच आठ मुले उठली आणि अठरा बसली. आणखी चार काढले, आकडा साठावर गेला. उभ्या मुलांना धक्केदेखील उत्तम बसत; पडायला जागाच नसल्याने कुणी पडत नसे. माहितीपत्रकात या सोयीला ‘चहूबाजूंनी मऊ संरक्षण’ म्हटले आहे.

‘साठ मुले बसतात’ या नव्या प्रमाणपत्रावर मिस्त्रींनी सही केली. शर्ट आला. जूनमध्ये नात त्याच गाडीने शाळेत जाऊ लागली.

“अहो, पोरगी रोज उभ्यानं जाते,” शर्टाला इस्त्री करता करता बायको म्हणाली. “आज दांड्यावर आपटली. कपाळाला हे एवढं टेंगूळ!”

“उभी कुठली? बसते ती. प्रमाणपत्र आहे.”

“मग त्या प्रमाणपत्राच्याच कपाळाला लावा मलम!”

शनिवारी शाळेत पालकसभा होती. पद गेले तर गेले, असे ठरवून मिस्त्री जुना शर्ट घालून गेले आणि उभे राहिले.

“या गाडीत चोवीसच मुलं बसतात. बाकीची छत्तीस नुसती भरलेली आहेत. सही माझीच आहे.”

सभा गंभीर झाली. प्रश्न आले. चोवीसच नेली तर भाडे वाढेल का? गाडी दारापर्यंत येईल ना? उरलेल्या छत्तिसांना काय तुम्ही खांद्यावरून नेणार?

“आजोबा,” मागून एक आई समजुतीने म्हणाली, “सगळं नीट चाललंय. तुम्ही गप्प बसा बरं.”

मिस्त्री बसले. ‘विद्यमान व्यवस्था समाधानकारक आहे’ हा ठराव एकमताने मंजूर झाला.

किंमत कुणी मोजली, ते असे: मिस्त्रींनी हेडमिस्त्रीपद (सोमवारी परत घेण्यात आले), नातीने कपाळ, छत्तीस मुलांनी येता-जाता चाळीस-चाळीस मिनिटे. मालकांनी काही नाही. पालकांनी फक्त हात वर केला. आपले मूल चोवीसांत की छत्तिसांत, हे तुम्ही अजून विचारले नसेल तर संकोच नको. सभेतही कुणी विचारले नव्हते.