हिराजीकाका आफ्रिकेत जागा बघतात

हिराजीकाकांना कुठल्याही इमारतीचा फोटो दाखवा, अगदी ताजमहाल दाखवा, माणूस एकच वाक्य बोलणार : "ह्ये पुढचं झालं. मागचं दाखव."

लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडत असतात आणि हे हॉलच्या मागं, भांडी घासायच्या जागी उभे असतात. गडब गावात हायवेवरच्या हॉटेलात चहा सांगायच्या आधी मागच्या बाजूला एक चक्कर ठरलेली. पेणमध्ये एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं, सगळं गाव पुढं फीत कापताना टाळ्या वाजवत होतं. काका मागच्या दारानं आत शिरले आणि पेढा खात बसलेल्या कंपाउंडरला विचारलं, "हात धुवायला साबन खय हाय?" कंपाउंडरला ठसका लागला.

असा माणूस गिऱ्हाईक म्हणून माझ्या नशिबी यावा, याला काय म्हणायचं? माझं पेणला ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर. इतक्या वर्षांत मला लोकांनी दोनच गोष्टी मागितल्या, बसमधली पुढची सीट आणि शिर्डीला एसी रूम. परत आल्यावर शिव्या मात्र काश्मीरला नेल्यासारख्या घालतात. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही, ते या धंद्यामुळं.

त्या दिवशी काका आत आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "विजू, आफ्रिकेला जायाचा हाय. मी आनि नंदा. दोन वेगले तंबू बघ. पोरीला शांत झोप लागंल अशी जागा पायजे."

मी आधी बाहेर डोकावून बघितलं, कोणी गंमत करायला पाठवलंय की काय. पण काका गमतीतले नव्हते. त्यांची गडबची भातशेती हायवेच्या रुंदीकरणात गेली होती, पैसे आले होते. लोकांनी त्यात गाड्या घेतल्या, बंगले बांधले, बारशाला डीजे लावले. काकांनी पेणमध्येच, रामवाडीत, दोन खोल्यांचं घर घेतलं आणि उरलेलं लेकीसाठी ठेवलं. नंदा टीव्हीवर जिराफ बघताना एकदा म्हणाली होती, "ह्यो खरा बघायचा एकदा." सासरहून परत आल्यापासून तिनं काही मागितलं होतं ते एवढंच. म्हणून काका आफ्रिकेला निघाले.

मी कामाला लागलो. खोटं कशाला बोलू, चढून गेलो होतो. पेणमधून केनियाचं बुकिंग करणारा पहिला माणूस मीच असणार! रात्र रात्र जागून सगळं वाचून काढलं. लॉज म्हणजे पक्क्या भिंती आणि कुंपण. कॅम्प म्हणजे तंबू, पण आपल्या शाळेच्या सहलीतला नव्हे, आत पलंग, संडास, गरम पाणी, सगळं. उंचावर थंडी मरणाची. जीपनं गेलं की रस्त्यात हाडं खिळखिळी होतात, छोट्या विमानानं गेलं की सुखाचं. हे सगळं मी काकांना पोपटासारखं म्हणून दाखवलं आणि एका लॉजचा फोटो पुढं केला. मोठी काच, पलीकडं हत्ती.

"मागचं दाखव."

मागचं कुठून दाखवू? लोक हत्तीचे फोटो टाकतात, लॉजच्या पाठीचे कोण टाकतो? शोधता शोधता एका भल्या माणसाचा फोटो सापडला. जनरेटर, आणि त्याला लागून कामगारांच्या खोल्या.

"नको. तिथं मानसं कशी झोपत असतील?"

"काका, आपल्याला तिथं झोपायचं नाही!"

"म्हनून इचारायचं नाय व्हय?"

दुसरी जागा नदीकाठची होती. टोकाचा तंबू, एकदम एकांत. परदेशी लोक त्या एकांताचे जास्त पैसे मोजतात. काकांनी फोटोवर बोट ठेवलं. "बाकीची वस्ती खय?" म्हटलं, लांब आहे. "मंग ह्यो कट. लांब नको."

तिसऱ्या जागी न्हाणी उघडी होती, वरती आकाश, चांदण्यात आंघोळ. मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो. काका ताडकन उभे राहिले. "बाईमानसाची आंघोल उघड्यावर? आनि ह्याचे पैसं घेतात? लाज वाटत नाय?" मी मनात म्हटलं, म्हातारा जुन्या वळणाचा, जाऊ दे.

एक गोष्ट मात्र त्यांना आवडली. डोंगरमाथ्यावरच्या एका कॅम्पमध्ये संध्याकाळी कोणीतरी येऊन पाहुण्याच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातं. काकांनी मला ते तीनदा सांगायला लावलं. "रोज ठेवतात? आपन सांगितल्याशिवाय? तिला फक्त झोपायचं?" पण तो कॅम्पसुद्धा कट झाला, कारण तिथल्या संडासाची कडी फोटोत दिसत नव्हती.

नाकी नऊ आणले माझ्या. जिराफ बघायचा चांगला मोसम एक गेला, दुसरा तोंडावर आला. एका संध्याकाळी मी तणतणत रामवाडीला त्यांच्या घरी गेलो. सरळ सांगणार होतो की काका, तुम्हाला जायचंच नाही, माझा जीव सोडा.

काका घरी नव्हते. नंदानं चहा टाकला. आतल्या खोलीत तिच्यासाठी घेतलेला पलंग दिसला, कापसाची जाड गादी, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. नंदाची वळकटी स्वयंपाकघरात मागच्या दाराशी होती. मी बघतोय हे तिनं बघितलं.

"पलंगावर झोप नाय लागत, दादा. सवय नाय ऱ्हायली."

माझ्या घशातलं भांडण तिथंच विरघळलं. कारण ती सवय कुठं लागली ते मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

नंदाला रोह्याला दिली होती. घर पुढून बघण्यासारखं, रंगवलेलं, ओटीवर झोपाळा. आता आमच्याकडची रीत ऐका. नातू मांडीवर आल्याशिवाय बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. काकांनी ही रीत सोन्यासारखी पाळली. पेणहून गाडीत बसायचे, निडी स्टेशन गेलं की पिशवी सावरायचे, रोहा स्टेशनवर नळाचं पाणी पोटभर पिऊन घ्यायचे. मग लेकीच्या ओटीवर बसून व्याह्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा. पाणीच प्यायचं नाही, तर माजघरात जायचं काय कारण? नंदाला मूल झालं नाही. त्यामुळं काका इतक्या वर्षांत ओटीच्या आत कधी गेलेच नाहीत. आणि पेणला परत येऊन सगळ्यांना सांगायचे, "पोर सुखात हाय. घर झ्याक हाय."

एका पहाटे नंदा अंगावरच्या लुगड्यानिशी चालत स्टेशनवर आली आणि पेणला उतरली. तिची ट्रंक आणायला काका माझ्याच जीपमधून गेले. तेव्हा पहिल्यांदा ते घराच्या मागं गेले. मीही गेलो. लाकडं रचलेली पडवी, तिच्यात गोणपाटाचं अंथरूण. न्हाणी म्हणजे चार बांबू आणि निळं प्लास्टिक, तेही एका बाजूनं फाटलेलं. काका ते फाटकं प्लास्टिक हातात धरून उभे राहिले. पुढं ओटीवर तिचा नवरा मोबाइल बघत झोपाळ्यावर बसला होता, आम्ही ट्रंक उचलून जाताना त्यानं पायसुद्धा वर घेतले नाहीत. ती माणसं आजही दिवाळीला घराला लायटिंग करतात, आणि येणारेजाणारे म्हणतात, काय घर आहे! आग लागो त्या घराला.

तर मी चहा पिऊन मुकाट परत आलो आणि पुन्हा कॉम्प्युटर उघडला.

शेवटी एक कॅम्प सापडला. तिथला मॅनेजर कच्छी, आज्यापासून आफ्रिकेत, पण हिंदी फाडफाड. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. या वेळी काका नंदालाही घेऊन आले होते. ती पदर आवरून कडेच्या खुर्चीत बसली.

मॅनेजरनं तंबू दाखवला. काका म्हणाले, "भाईसाब, पीछू का दिखाव." बिचारा मोबाइल घेऊन काट्याकुट्यांतून मागं गेला. पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी, सगळं स्वच्छ. संडासाची कडी लावून दाखवली, काढून दाखवली. काकांना चुकीचं काही सापडेना, तसे ते जास्तच घाबरे झाले.

"रात को बाई ने आवाज दिया, तो कौन आयेंगा?"

मॅनेजरनं उशाजवळची शिटी दाखवली. ही वाजवली की पहारेकरी लगेच येतो, म्हणाला.

"और नही आया तो?"

"आयेगा काका. सुनेगा तो आयेगा ही."

"ऐकू येतं," काका मराठीतच म्हणाले. "ऐकू येऊन पन मानूस उठत नाय."

नंदानं मान वर केली. "बाबा? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही रोह्याला आला व्हता. मला मागं कोंडलेली. मी हाक मारली व्हती."

काका टोपीची घडी घालत राहिले.

"ऐकली व्हती तुम्ही?"

"व्याही म्हनला, शेजारची पोर वरडते." काकांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढं वाकावं लागलं. "पन लेकीचा आवाज बापाला कलत नाय व्हय गो? कलला व्हता. आत कसा जानार, वाटलं... पानी पन पिलो नव्हतो त्या घरचं. गाडीची येल झाली म्हनून उठलो."

"मला वाटायचं, बाबांना ऐकूच गेली नसंल," नंदा म्हणाली. "तेवढ्यावर दिवस काढले मी तिथं."

काका आवाज न करता रडत होते, आणि आफ्रिकेतला मॅनेजर हॅलो, हॅलो, कट गया क्या, करत होता.

नंदा उठली. पदरानं स्वतःचे डोळे पुसले, बापाचे पुसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या कॉम्प्युटरसमोर आली.

"दादा, त्यांना सांगा, दोन तंबू नकोत. एकच द्या, दोन खाटांचा. आनि ती शिटी नको मला." मग काकांकडं वळली. "मी हाक मारीन. तुम्ही उठायचं."

"उठीन गो," काका म्हणाले. "झोपनारच नाय मी."

"झोपा की," नंदा म्हणाली. "पन उठा."