सर्व संबंधितांस

मी फक्त एक मेसेज टाकला होता. त्यात कुणाचं नाव नव्हतं, कुणाला टोमणा नव्हता, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती (सत्तावीस वर्षं सरकारी लिपिक आहे, तेवढं तरी जमतं). तरीही आज सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत मी दूध आणायला निघालो, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "गोपालभाऊ, नवीन सूचना कधी काढता?"

याला कारण मनोहरराव. ते आमचे शेजारी. त्यांचं घर प्लॉट नंबर तेरावर, आमचं पंधरावर, आणि मधला रिकामा चौदा नंबरही त्यांचाच. रिकामा म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तिथे कूलरच्या गंजलेल्या टाक्या आहेत, पोट फाटलेले सोफे आहेत, फवारणीचे फुटके पंप, ट्रॅक्टरचे टायर, बिनचाकाचा भाजीचा ठेला आणि एक कमोड आहे. (तो कोरा आहे, असं मनोहरराव सांगतात. मी त्या विषयात खोलात गेलो नाही.) पावसाळा लागला, की या सगळ्यावर गाजरगवत आणि बेशरमाची झुडपं अशी माजतात, की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी अंधार येतो आणि मग डास.

अकरा वर्षं मी हे सोसलं. सांगून पाहिलं, समजावून पाहिलं, लेखी दिलं. उपयोग शून्य. माझी बायको कोकिळा दर आठवड्याला विचारायची, "बोलले का जी त्यायच्याशी?" मी म्हणायचो, "बोललो ना. ऐकत नाही तो माणूस." ती बिचारी खिडकी लावून घ्यायची.

यंदा श्रावणात मात्र खिडकी लावायच्या आधीच एक धामण आत आली आणि गॅसच्या सिलिंडरला वेढा घालून बसली. मी तत्काळ योग्य ती कार्यवाही केली, म्हणजे डायनिंग टेबलवर चढलो. सर्पमित्राला फोन कोकिळेनेच केला. त्याने ती धामण बरणीत घातली आणि म्हणाला, "काकू, बिनविषारी हाय, भेऊ नका."

"मले सापाचं भेव नाई," कोकिळा म्हणाली. "मले या घराचं भेव वाटते."

तासाभरात तिची बॅग भरून झाली. तिची बहीण सुलोचनाबाई देवळीला राहते, तिकडे ती निघाली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "तो उकिरडा हटला की फोन करजा. त्याच्याआधी केला त मी उचलणार नाई."

देवळी काही लांब नाही. बसने अर्धा तास. पण बायको रागावून गेली, की तो अर्धा तास फार मोठा होतो. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा सुलोचनाबाईंनी उचलला आणि "उकिरडा?" एवढंच विचारलं. मी ठेवून दिला. वीस दिवस मी स्वतःच्या हातचं वरण खाल्लं. मला तिची फार आठवण येत होती, खोटं कशाला सांगू? वरण वाईट झालंय हे सांगायलासुद्धा घरात कुणी नव्हतं.

आणि मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. कागद-बांबूची ही एवढी मोठी बाई करायची, तिची मिरवणूक काढायची, लोकांनी घराघरातून ओरडायचं, "रोगराई घेऊन जा गे मारबत! इडापिडा घेऊन जा गे मारबत!" आणि शिवेबाहेर नेऊन तिला जाळून टाकायचं. वर्षभराची ब्याद एका सकाळीत खलास. आमच्या कॉलनीत हे काम वैभवचं मंडळ करतं. वैभव मंडळाचा अध्यक्ष. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे.

ट्रॉली! ऑफिसात फाईल चाळता चाळता माझ्या डोक्यात वीज चमकली. मारबत जाणारच आहे, तर तिने जाताना प्लॉट नंबर चौदा घेऊन जायला काय हरकत? मनोहरराव धर्मकार्याला नाही म्हणणार नाहीत, आणि मला त्यांचं नावही घ्यावं लागणार नाही. मी लगेच मसुदा केला, दोनदा तपासला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मारबतीच्या दिवशी परिसरातील जुने, मोडके व निरुपयोगी साहित्य मारबतीसोबत रवाना करण्यात यावे. साहित्य प्लॉट क्रमांक चौदासमोर जमा करावे. प्रस्तुत सूचना कोणत्याही विशिष्ट व्यक्तीस उद्देशून नाही."

शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. पाच मिनिटांत चाळीस अंगठे आले. पहिला अंगठा मनोहररावांचा. वैभवचा तर फोनच आला, "काका, जबरदस्त आयडिया! मारबत सारं घेऊन जाईन, तुमी टेन्शन घेऊ नका."

मी पोळ्याच्या दिवशी सकाळी देवळीला फोन लावला. यावेळी कोकिळेनेच उचलला.

"हटला?"

"उद्या सकाळी हटतो. लेखी आदेश काढलाय मी."

तिने आत सुलोचनाबाईंना बसची वेळ विचारली. मग हळूच म्हणाली, "पहिल्या बसनं येतो मंग. पाहा हं, खोटं नका सांगू." (आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात.)

मी त्या आनंदात घर झाडलं, अंगणात पाणी मारलं, तिच्या आवडीची बालूशाही आणली. ती घेऊन परत आलो, तर प्लॉट चौदासमोर रामाजी उभे. रामाजी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे रिटायर्ड पोस्टमन. त्यांच्या डोक्यावर बाज होती.

"साहेब, हे बाज कुठं ठेवू?"

"रामाजी, अहो ही तर धडधाकट आहे!"

"हाव, पन घरच्या बाईले पटत नाई. तुमीच लिहलं ना, निरुपयोगी." त्यांनी बाज ठेवली आणि हात झटकले.

त्यांच्या मागे दोन कपाटं येत होती. कपाटांच्या मागे एक वॉशिंग मशीन. तिच्या मागे ओळखीचे-अनोळखी असे कितीतरी लोक, आणि प्रत्येकाच्या हातात, डोक्यावर, स्कूटरवर काही ना काही. संबंधित म्हणजे मनोहरराव, हे मला माहीत होतं. कॉलनीत प्रत्येकाला वाटलं, संबंधित म्हणजे आपण. एकट्या मनोहररावांना तसं वाटलं नव्हतं. ते आपल्या सामानातली एक टाकीही न हलवता मधोमध उभे होते आणि लग्नघरच्या माणसासारखं सगळ्यांचं स्वागत करत होते. "याहो, याहो! कपाट इकडे लावा, सोफ्याजवळ. गोपालभाऊ, लोकायनं काय साथ देल्ली तुमाले!"

दिवेलागणीपर्यंत ढीग प्लॉट ओलांडून माझ्या फाटकाशी आला. मी मनात म्हटलं, येऊ दे. सकाळी ट्रॉली येणारच आहे.

सकाळी फाटक उघडेना. बाहेरून एक फ्रिज टेकला होता. मी कंपाउंडवर चढून, लुंगी सावरत, रामाजींच्या बाजेवर उतरलो. (ती खरंच धडधाकट होती.) तेवढ्यात डफडं वाजलं आणि मिरवणूक वळली. पुढे पोरंसोरं, मधे ट्रॅक्टर, ट्रॉलीत मारबत. ट्रॉली मारबतीनेच भरली होती. तिच्या पायाशी एक कुंडीसुद्धा मावली नसती.

"वैभव, अरे सामान?" मी ओरडलो.

"कोनतं सामान?"

"हे! तूच म्हणालास ना, सारं घेऊन जाईल!"

"काका," वैभव ट्रॅक्टरवरून वाकून, लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "मारबत इडापिडा नेते. भंगार थोडी नेते!"

"अरे, हीच तर इडापिडा आहे!"

"पन काका, तिले शिवेवर जाळतो ना आमी. कमोड कसा जळन?"

मी वळून कमोडकडे पाहिलं. मिरवणूक प्लॉटसमोर थांबली. लोकांनी ओरडायला सुरुवात केली, "डासमच्छर घेऊन जा गे मारबत! डेंगू-मलेरिया घेऊन जा गे मारबत!" त्या ढिगातले डासही बहुधा ऐकत असावेत. मग मनोहरराव पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या गोपालभाऊच्या घरचं भांडन घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" शंभर लोक ओरडले. ज्यांना माझी बायको गेल्याचं ठाऊक नव्हतं, त्यांना तेव्हा कळलं. मनोहररावांचे डोळे खरोखर पाणावले होते. त्या माणसाचा मला धड रागही धरता येईना.

मिरवणूक पुढे गेली आणि तिच्या मागून एक ऑटो आला. आत कोकिळा होती. ती उतरली. तिने चौदा नंबर पाहिला, आमचं फाटक पाहिलं, फ्रिज पाहिला, मग बाजेवर बसलेला मी.

"हे साफ होय?"

"कोकिळा, ऐक. मी आदेश काढला होता, पण अंमलबजावणीत..." खरं सांगतो, तेव्हा मला रडूच आलं. "मी हरलो गं. या माणसाला अकरा वर्षं सांगतोय. तो ऐकतच नाही."

"सरका. मी पाहतो." ती पदर खोचून मनोहररावांसमोर उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले.

"भाऊजी, हे सारं इथून उचला. आमाले लय तरास होते याचा."

"बस?" मनोहरराव म्हणाले. "एवढंच? मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं वहिनी?"

मी डोळे उघडले नाहीत. उघडण्यात अर्थ नव्हता.

"नाई सांगतलं?" कोकिळेचा आवाज.

"कोनीच नाई. उलटं गोपालभाऊ रोज सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवरून पाहत राह्यते, मी हात केला की हसते. मले वाटे, यायले आवडते."

आता डोळे उघडावेच लागले. कोकिळा माझ्याकडे वळली होती.

"अकरा वर्षं तुमी काय बोलत होते जी मंग?"

"बोललो गं... अप्रत्यक्षपणे. ग्रामपंचायतीला अर्ज केला होता. निनावी. गच्चीवरून त्यांच्या दिशेने खोकलो. रोज सकाळी ग्रुपवर स्वच्छतेचे सुविचार टाकले..."

"हाव!" मनोहरराव खुशीने म्हणाले. "लय मस्त राह्यते ते सुविचार! मी सारे पुढे पाठवतो."

पुढचं फार सरळ आहे आणि त्यामुळेच फार लाजिरवाणं आहे. मनोहररावांनी एक फोन केला, टेम्पो आला. त्यांच्या शेतावर मोकळी जागा होती. दोन फेऱ्यांत त्यांचं सगळं गेलं, तिसरीत कॉलनीचं. कोकिळा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि हे उचला, ते उचला सांगत होती. मी मदत करायला गेलो, तर एका कूलरखाली बोट चेंगरून घेतलं आणि परत बाजेवर बसलो. मग बाजही उचलली, तेव्हा उभा राहिलो. दुपारच्या आत चौदा नंबर इतका स्वच्छ झाला, की मनोहररावांच्या घराची आमच्याकडची भिंत अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण दिसली. हिरव्या रंगाची आहे.

टेम्पो सुरू झाला. मनोहररावांनी मागच्या फळीला धरून विचारलं, "वहिनी, पाहून घ्या एक बार. अजून काई न्याचं राह्यलं का?"

कोकिळेने मोकळ्या प्लॉटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग ती नजर माझ्यावर आली आणि थांबली.

"जागा हाय का?" तिने विचारलं.

मनोहररावांनी टेम्पोत वाकून नीट पाहिलं. "हाव ना," ते म्हणाले, "एक मानूस आरामात बसते."